वरची वाटी

रविवारी जेवणे आटोपल्यावर जरा आडवे व्हावे अशा बेताने मी खिडकीचा पडदा ओढत होते, तेवढ्यात एका विमान कंपनीचे पत्र फोनवर येऊन पडले. विमानप्रवासाबद्दल कंपनी खात्यात जमा करते आणि पुढे तिकिटासाठी वापरता येतात, त्या मैलांपैकी माझे ९,४०० मैल या महिनाअखेरीस बाद होणार होते आणि ही बातमी कंपनीने मला अगदी घरच्यासारखी नावाने हाक मारून कळवली होती. झोप गेली ती गेलीच. गेली अकरा वर्षे मी नोकरीपायी पुण्याहून मुंबई आणि तिथून पुढे कधी फ्रँकफर्ट, कधी सिंगापूर, कधी दुबई अशा खेपा घालते आहे. एवढ्या धावपळीनंतर माणसाच्या पदरी भरपूर मैल साठलेले असायला हवेत. माझ्या पदरी ते आहेतही, पण चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी कशालाच पुरणार नाहीत इतके.

आजपासून एकच खाते धरायचे, असा निश्चय करून मी वही-पेन घेऊन बसले. (असा निश्चय मी दर दोन वर्षांनी करते, पण वही मात्र पहिल्यांदाच काढली.) पत्राच्या तळाशी एक ओळ बारीक अक्षरांत होती. हव्या त्या तिकिटासाठी मैल कमी पडत असतील, तर उरलेले मैल विकत घेण्याची सोय आहे. ती ओळ वाचली आणि माझ्या कानात एकदम आवाज घुमला, ‘‘वहिनी, अजून एक पँट टाका, मग देते पातेलं.’’

सांगलीला गावभागात आम्ही राहायचो तेव्हाची ही गोष्ट. मे महिन्याच्या दुपारी, सगळा रस्ता झोपलेला असताना, स्टीलच्या भांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन बोहारीण यायची. आई माळ्यावरून बोचके काढायची. जुन्या चादरीत बांधलेल्या त्या बोचक्यात वर्षभराचे कपडे असायचे: बाबांच्या गुडघ्याशी विरलेल्या पँटी, माझे तोकडे झालेले फ्रॉक, आईच्या रोजच्या सुती साड्या, आणि एखाद्या वर्षी काठ उसवलेली जरीची साडी. बोहारीण एकेक कपडा उचलून उजेडात धरायची, शिवणीशी ताणून बघायची, आणि तो बाजूला टाकताना चेहऱ्यावर असा भाव आणायची की हे घेऊन ती आमच्यावर उपकारच करते आहे. सुती साड्यांना ती मोजतच नसे. जर दिसली की मात्र तिचा अंगठा काठावरून हळूच फिरायचा, आणि तो तसा फिरलेला आई बरोबर टिपायची.

विमानाच्या तिकिटावर भाड्याचा वर्ग सांगणारे एक अक्षर असते. पुढे मला ते समजावून घ्यावे लागले, तेव्हा हा अंगठा फार उपयोगी पडला. एकाच विमानात, एकाच रांगेत, एकाच चवीचे जेवण जेवणाऱ्या दोघांना मैल सारखे मिळत नाहीत. स्वस्तातल्या तिकिटाचे अक्षर वेगळे, महागातल्याचे वेगळे. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर सुमारे ४,१०० मैलांचे आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ या मैलांच्या योजनेत सोनेरी दर्जा, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाचा मान, मिळवायचा तर बारा महिन्यांत ५०,००० मैल लागतात. म्हणजे कागदावर सहा-सात वेळा जाऊन-येऊन काम होते. पण आमचे ऑफिस ज्या अक्षराची तिकिटे काढते, त्यावर निम्मे मैल मिळाले तरी मी ते नशीब समजते. आमच्या बोचक्यात सगळ्या सुती साड्याच.

मुळात ही माया अमेरिकेतली. तिथल्या सरकारने १९७८ मध्ये विमानभाड्यावरचे नियंत्रण उठवले, कंपन्यांची आपसांत झोंबाझोंबी सुरू झाली, आणि गिऱ्हाईक बांधून कसे ठेवावे या विवंचनेतून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली मैलांची योजना काढली. युनायटेडने काही दिवसांतच तिची नक्कल केली. त्या वेळी मैल म्हणजे खरोखरच मैल होता, जितके उडाल तितके जमा. आपल्याकडे रस्त्यांवर किलोमीटर येऊन कितीतरी वर्षे झाली; मैल उरला तो बोलण्यातल्या मैलाच्या दगडात आणि या खात्यांमध्ये. आता तर इथेही तो अंतर राहिलेला नाही. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ पासून, आणि अमेरिकनने पुढच्या वर्षापासून, किती लांब गेलात हे सोडून किती पैसे मोजलेत यावर मैल द्यायला सुरुवात केली. एअर इंडियाही आता त्याच वाटेने गेली आहे. थोडक्यात, सगळ्यांचाच अंगठा जरीवर आला.

या सगळ्या इतिहासात मला मनापासून आवडतो तो एकच माणूस, कॅलिफोर्नियातला एक इंजिनिअर. १९९९ मध्ये तिथल्या एका खाद्यपदार्थ कंपनीने वेष्टनांच्या बदल्यात मैल देऊ केले, तेव्हा पुडिंगचे छोटे डबे मैलांच्या मानाने फारच स्वस्त पडतात हे त्याच्या ध्यानात आले. त्याने सुमारे ३,००० डॉलर खर्चून १२,००० च्या वर डबे उचलले, पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दिले, त्या बदल्यात वेष्टने सोलायला संस्थेचीच माणसे घेतली, आणि १२ लाखांहून अधिक मैल पदरात पाडले. माझ्या आईला हा माणूस जावई म्हणून चालला असता.

तर प्रश्न असा, की एकीला धरून राहावे की येईल तिला बोचके सोडावे. या प्रश्नावर आई आणि शेजारच्या काकू यांचे कुंपणाच्या भिंतीवरून वर्षानुवर्षे एकमत झाले नाही. काकू दारावर येईल त्या बोहारणीला बसवायच्या आणि दोघींत झुंज लावून भाव वाढवायच्या. आईची बोहारीण ठरलेली. सौदा तुटायला आला की ती टोपली डोक्यावर चढवून फाटकापर्यंत जायची, आई आत जाऊन ताक आणायची, मग ती परत येऊन बसायची, आणि शेवटी पातेल्याबरोबर एक छोटी वाटी ‘वर’ द्यायची. ‘‘ओळख ठेवली की वरची वाटी मिळते,’’ असे आई म्हणायची, आणि काकू म्हणायच्या, ‘‘वाटीच्या पैशात पातेल्याला चुना लागतो.’’ आमच्या घरातल्या निम्म्या वाट्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्याचे कारण हे.

विमान कंपन्यांचा दर्जा म्हणजे दुसरे काय असते? विमानतळावर बसायला एक गार खोली, चहाबरोबर खारे काजू, रांगेत चार माणसांच्या पुढे जागा आणि एक बॅग जास्त. तिकीट फुकट मिळो न मिळो, ही वाटी मिळावी म्हणून माझ्यासारखी शहाणी माणसे वर्षाअखेरीला उगाच वाकडी वाट करून घरी येतात. स्टार अलायन्स हा एकमेकींचे मैल मानणाऱ्या विमान कंपन्यांचा गट १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी काढला, एअर इंडिया त्यात २०१४ मध्ये गेली. त्यामुळे एअर इंडिया, लुफ्थान्झा आणि सिंगापूर या तिन्हींचे मैल मला यांपैकी कोणा एकीच्या वहीत मांडता येतात. गंमत पुढेच आहे. युनायटेडचा स्वतःचा सोनेरी सभासद अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवास करत असेल, तर युनायटेडच्याच गार खोलीचे दार त्याला उघडत नाही. पण दुसऱ्या भागीदार कंपनीकडून सोनेरी झालेल्या माणसाला तेच दार उघडते. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते असे.

म्हणजे गट ठरला. दुबईच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत, कारण एमिरेट्स कोणत्याच गटात नाही. तिचा संसार वेगळा. तेवढे सोडून द्यायचे. आता वही कोणाची? सिंगापूरच्या वहीतले मैल तीन वर्षांनी बाद होतात, तुम्ही मध्ये कितीही उडा. युनायटेडचे २०१९ पासून मुळीच बाद होत नाहीत, पण मी अमेरिकेला जाणार केव्हा? आणि घरची म्हणून एअर इंडिया धरावी, तर मनात जेटची आठवण येते. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले आणि मागे मैलांची योजना तेवढी उरली, कारण ती वेगळ्या कंपनीच्या नावावर होती. विमाने गेली, मैल राहिले. पुढे त्या योजनेने नावही बदलले. आमचीही बोहारीण एका वर्षी आली नाही. आई पावसाळा संपेपर्यंत वाट बघत होती, बोचके फुगत गेले, आणि दिवाळीच्या सफाईत काकूंच्या बोहारणीला बोलवावे लागले. तिने वर काही दिले नाही.

चार वाजता चहाला उठलेली आई माझ्या वहीत डोकावली. ती आता माझ्याकडेच असते. मी तिला सगळे समजावून सांगितले. तिने फक्त विचारले, ‘‘पण या महिन्यात जाणार त्या मैलांचं काय येतं?’’ मी पुन्हा फोन उघडला. तिकीट तर येत नव्हतेच. कंपनीच्या दुकानात मात्र अत्तर होते, कानाला लावायची यंत्रे होती, आणि शेवटून तिसऱ्या पानावर, ९,००० मैलांत, स्टीलचा तीन पुडांचा जेवणाचा डबा होता. माझ्या हातून तो कधी घेतला गेला ते मलाही कळले नाही. वही तशीच राहिली.

डबा गेल्या आठवड्यात आला. आईने चष्मा लावून तो उलटा-सुलटा केला, बुडावर नखाने टकटक केले, झाकण लावून हलवून पाहिले.

‘‘पातळ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘वर काय दिलं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग सगळं बोचकं एकदम सोडलंस की काय?’’

इथे मला आठवले, की सौदा सुरू होण्याआधी आई बाबांच्या दोन बऱ्यातल्या पँटी नेहमी दाराआड ठेवायची आणि अगदी शेवटी, बोहारीण फाटकाशी पोचल्यावर, एकेक करून बाहेर काढायची. मी म्हटले, ‘‘नाही गं, अजून तीन खाती आहेत.’’

‘‘मग ठीक आहे,’’ आई म्हणाली, आणि डबा माझ्याकडे सरकवत पुढे म्हणाली, ‘‘तुळशीबागेकडे गेलीस तर नाव घालून आण. तुझंच घाल. आणि तारीख.’’