तुम्ही विचारलंत म्हणून: इन्फेक्शन कुठल्या हॉस्पिटलात कमी?

"सिस्टर, खरं सांगा, इन्फेक्शन कुठल्या हॉस्पिटलात कमी होतं?" मी चौदा वर्षं पुण्यात इन्फेक्शन कंट्रोल नर्स होते, त्यामुळे ओळखीत कुणाचंही ऑपरेशन ठरलं की हा प्रश्न माझ्याकडे येतो. मध्यंतरी शेजारच्या काकूंनी विचारला. काकांचा गुडघा बदलायचा होता. एका हॉस्पिटलानं त्यांना दीड टक्का सांगितलं होतं, दुसऱ्यानं शून्य. काकूंचं मन शून्याकडे झुकलेलं.

मला काळजी वाटली ती त्या शून्याचीच.

टाक्यांमधलं इन्फेक्शन बहुतेक वेळा घरी गेल्यावर दिसतं. गुडघा बदलला असेल तर नव्वद दिवस लक्ष ठेवायचं असतं, कारण कृत्रिम सांध्यापाशी खोलवर बसलेले जंतू उशिरा डोकं वर काढतात. पेशंट मात्र चार-पाच दिवसांत घरी गेलेला असतो. भोरला किंवा इंदापूरला टाक्यांतून पाणी यायला लागलं, तर तो जवळच्याच डॉक्टरांकडे ड्रेसिंग करून घेतो. आमच्या रजिस्टरात ते कुठून येणार? आम्ही डिस्चार्जनंतर प्रत्येकाला फोन करायला लागलो, त्या वर्षी आमचा आकडा वाढला. थिएटर तेच, सर्जन तेच, हात धुणंही तसंच. तेव्हा एका मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, "हे फोन बंद केले तर?" तो प्रश्न मला अजून टोचतो.

आयसीयूमध्येही तेच. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनमुळे रक्तात इन्फेक्शन झालं, हे ठरवायला रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी लागते. कल्चर पाठवलंच नाही, किंवा अँटिबायोटिक सुरू केल्यावर पाठवलं, तर जंतू बरेचदा सापडत नाहीत आणि कागदावर सगळं स्वच्छ दिसतं. शिवाय हा दर पेशंटमागे काढत नाहीत. रोज ठरलेल्या वेळी किती जणांना लाइन आहे ते मोजायचं, त्या दिवसांची बेरीज करायची आणि दर हजार लाइन-दिवसांमागे किती इन्फेक्शन झाली ते पाहायचं. लहान आयसीयूत महिन्याला शंभर लाइन-दिवस भरले आणि एकाला इन्फेक्शन झालं, तर दर थेट दहा. पुढच्या महिन्यात कुणालाच झालं नाही, तर शून्य. महिन्याभराच्या आकड्यावरून त्या सिस्टरांना नावं ठेवणं हा अन्याय आहे.

भागायचं कशानं, हा वाद जुनाच आहे. 1863 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांचं मृत्यूंचं कोष्टक छापलं. त्यात वर्षभरातल्या मृत्यूंना एकाच दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येनं भागलं होतं. लंडनच्या 24 हॉस्पिटलांचा दर निघाला शंभरी नव्वद! डॉक्टर खवळले, आणि त्या हिशोबापुरते ते बरोबरच होते, कारण वर्षभरात दाखल होणारे रुग्ण एका दिवसाच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त असतात. तरीही आकडे लोकांसमोर मांडायचा बाईंचा आग्रह मला मोलाचा वाटतो.

इंग्लंडमध्येच 2001 पासून सरकारी हॉस्पिटलांना रक्तातल्या एमआरएसए या चिवट जंतूच्या केसेस कळवणं सक्तीचं झालं. आकडे हॉस्पिटलांच्या नावानिशी जाहीर होऊ लागले. 2004 मध्ये ते निम्म्यावर आणायचं ठरलं आणि 2008 पर्यंत आणलेही. नुसतं छापल्यानं हे झालं नाही, हात धुण्यापासून लाइनच्या काळजीपर्यंत सगळ्यावर कष्ट घेतले गेले. पण व्याख्या आणि मोजणी सगळ्यांची एकच होती, म्हणून कोण कुठे आहे ते लोकांना दिसलं. आपल्याकडे एनएबीएच हे हॉस्पिटलांच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन असलेली हॉस्पिटलं हे दर मोजतात. ते त्यांच्या फायलींतून बाहेर यावेत असं मला मनापासून वाटतं, आणि सोबत कसं मोजलं, किती जणांना फोन केले, हेही यावं. नाहीतर प्रामाणिकपणे शोधणारं हॉस्पिटल बदनाम होईल आणि न शोधणारं मिरवेल.

काकूंना मी एवढंच सांगितलं, दोन्हीकडे विचारा, "घरी गेल्यावर तुम्ही चौकशी करता का, आणि किती दिवस?" शून्यवाल्यांकडे उत्तर मिळालं, "त्रास झाला तर तुम्हीच या." दीड टक्कावाल्यांच्या सिस्टरनं वही काढून फोनच्या तारखा दाखवल्या.

काकांचं ऑपरेशन तिथंच झालं. येत्या शनिवारी नव्वद दिवस होतील. सिस्टरचा तिसरा फोन काल येऊन गेला.