परत आलेल्या माणसाला काय विचारावे?

बेपत्ता व्यक्तींच्या तपासाविषयी शिकवताना मी गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे स्कॉटलंडमधील संशोधन आवर्जून ठेवते. तेथील ग्रॅम्पियन पोलिसांसाठी गिब आणि वूलनॉ यांनी जुन्या प्रकरणांच्या नोंदी तपासून कोणत्या वयाची, कोणत्या मनःस्थितीतील व्यक्ती साधारणपणे किती अंतरावर आणि कशा ठिकाणी सापडते, याचे कोष्टक २००७ साली मांडले. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचा आणि नैराश्याने घर सोडलेल्या तरुणाचा शोध एकाच पद्धतीने घेता येत नाही, हे त्यामुळे आकड्यांनिशी सांगता येऊ लागले.

मला मात्र त्यापुढचे काम अधिक मोलाचे वाटते. ग्लासगो विद्यापीठाच्या हेस्टर पार यांनी सहकाऱ्यांसह, बेपत्ता होऊन परतलेल्या ४५ प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. ही माणसे बहुधा ओळखीच्या वाटांनीच गेली होती. आपली बेपत्ता म्हणून नोंद होईल याची अनेकांना कल्पना नव्हती, आणि काहींना तर आपण गुन्हा केला आहे, पोलीस आपल्याला पकडतील, अशी भीती वाटत होती. ज्यांनी शोधायचे त्यांच्यापासूनच माणूस लपत असेल, तर शोधाची भाषा आणि पोलिसाचे पहिले वाक्यही बदलावे लागते. या अनुभवांवरून तयार केलेल्या ध्वनिकथा पुढे पोलीस प्रशिक्षणात वापरल्या गेल्या.

आपल्याकडे ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या आदेशानंतर बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवणे बंधनकारक झाले. प्रौढांची मात्र बहुतेक वेळा केवळ ‘मिसिंग’ दाखल होते, आणि व्यक्ती मिळून आली की जबाब घेऊन कागद दप्तरी जातात. तो जबाब प्रकरण मिटवण्यापुरता असतो. त्यातून पुढच्या शोधाला उपयोगी पडेल असे क्वचितच काही हाती लागते. संशोधकांनी इथे यायला हवे, मात्र संमती घेऊन, आणि सज्ञान व्यक्तीची इच्छा नसताना तिचा ठावठिकाणा घरच्यांनाही न सांगण्याची शिस्त पाळून. पहिली रात्र कुठे काढली, कोणाशी बोलावेसे वाटले, गणवेश पाहून वाट बदलली का, एवढे तीन प्रश्न जरी जबाबात आले, तरी आपल्या शहरांपुरते असे कोष्टक मांडायला सुरुवात करता येईल.