एकशे पंचवीसला अकरा

परवा दुपारी दादर स्टेशनच्या पुलावर उभा होतो. खाली झेंडूच्या ढिगांवर तिरपं ऊन आलं होतं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "एकशे पंचवीसला अकरा."

शेजारच्या बाई दचकल्या. "अकरा पंचवीसची? अहो, तीन वाजून गेले!"

मी नुसती मान डोलावली. काय सांगणार?

ही खोड काकांची. त्यांच्याकडे पेंटॅक्स के १००० हा फिल्मचा कॅमेरा होता. त्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा सेल कधीतरी संपला, तो त्यांनी बदललाच नाही. शटर यांत्रिक, सेल लागतो तो फक्त मीटरच्या काट्यापुरता, आणि काट्याला काका फारशी किंमत देत नसत. गिरगावातल्या चाळीत कुणाची मुंज असली की सगळ्यांना चौकात उभं करायचं, मग डावा हात उन्हात धरून फरशीवर पडलेली सावली बघत बसायचं. सावलीची कड कापल्यासारखी असेल तर लेन्सचं छिद्र सोळावर; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. कड जरा विरली तर अकरा. सावली असून नसल्यासारखी, तर आठ. अजिबात नसेल तर पाच पॉइंट सहा. फिल्म १०० संवेदनशीलतेची, म्हणून शटर १/१२५ सेकंदावर, तेच ते एकशे पंचवीस. फिल्मच्या खोक्याच्या आतल्या बाजूला असाच तक्ता छापलेला असायचा, पण काका तो संध्येसारखा पुटपुटायचे. तोवर बटू रडकुंडीला आलेला आणि मामा मंडळी पानाकडे डोळे लावून.

एका मुंजीत चुलतभावाने नवा कॅमेरा आणला. काटा चालू असलेला. आजोबा धोतर, सदरा, टोपी अशा शुभ्र थाटात, मागे ताजा चुना दिलेली भिंत. भावाने काटा बरोब्बर मध्ये आणला आणि खटका दाबला. फोटो आले तेव्हा आजीने चष्मा वर करून एवढंच विचारलं, "यांचं धोतर कुणी धुतलं होतं?"

मीटर बिचारा समोरून परतून येणारा उजेड मोजतो आणि समोरचं जग सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. एवढं पांढरं दिसलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि फोटो मळकट येतो. काकांच्या हाताची सावली वरून पडणारं ऊन बघायची, धोतर नव्हे. काकांच्या फोटोत आजोबा परीटघडीचे.

तक्ता मात्र स्वच्छ हवेसाठी लिहिलेला. जानेवारीच्या सकाळी मुंबईत समुद्रावर जो धुरकट पडदा असतो, तो एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, सहज खातो. माझ्या मते इथे सोळाचा आकडा मनापासून लागू पडतो तो ऑक्टोबरात. पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता. जूनमध्ये कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात जायचा. लेन्सला बुरशी लागेल ही काकांना छपराच्या गळतीपेक्षा मोठी धास्ती.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर गॅलरीत बसून त्यांनी हात उन्हात धरला. "सोळा."

"काका, अकरा. धुरकट आहे."

"कुठे धुरकट आहे?"

तासभर वाद चालला. शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, त्या कॅमेऱ्यात सेल घाला आणि मिटवा एकदाचं. सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेच मिळतो. आणायला अजून कुणी गेलेलं नाही.