चारशेसातला एलईडी बसवले आणि मग काढले

गेल्या जूनमध्ये माळशेजच्या अर्ध्या घाटात आबांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मला म्हणाले, "उतर आन बघ बरं, लाइट चालूय का आपली." मला वाटलं चेष्टा करतायत. खाली उतरून बघितलं तर दोन्ही लाइट चालू होत्या, पण कशा, तर देवघरातल्या समईसारख्या. पाऊस, धुकं, वर १२० क्रेट टोमॅटो, आणि पुढं जेमतेम पंधरा-वीस पावलांचा रस्ता दिसतोय. त्या रात्री आम्ही एका कंटेनरच्या मागं मागं त्याची लाल लाइट धरून टोकावड्यापर्यंत उतरलो.

आमची गाडी टाटा ४०७, २००६ चं मॉडेल, पासिंग एमएच १४. घरात तिला कुणी ट्रक म्हणत नाही, टेंपोच म्हणतात. नारायणगाव, ओतूर, मढ, माळशेज, मुरबाड, कल्याण आणि मग वाशी मार्केट, हा तिचा ठरलेला रस्ता. मी आठवडाभर चाकणला कंपनीत असतो, शनिवारी रात्री आबांबरोबर जातो, जाताना ते चालवतात आणि येताना मी.

तर दुसऱ्याच दिवशी मी मोबाइलवर एलईडी बल्ब शोधायला बसलो. आपल्या गाडीला एच-४ बल्ब लागतो, तीन पायांचा, एकातच अप्पर (लांबचा उजेड) आणि डिप्पर (जवळचा, खाली पडणारा), १२ व्होल्टचा ६०/५५ वॅट. (मोठ्या गाड्यांना २४ व्होल्ट असतं, ऑर्डर करताना तेवढं बघा नाहीतर मित्राने केलं तसं होईल, १२ चा बल्ब सोळाचाकीला लावला आणि तो गेला.) साडेचौदाशेला जोडी मिळाली. खोक्यावर छापलेलं २०० वॅट आणि २०,००० लुमेन (उजेडाचं माप). आता मी रोज कंपनीत मीटर हातात घेऊन काम करणारा माणूस, तरी मला त्या वेळी हे खटकलं नाही हे कबूल करतो. नंतर मोजलं तर एक बल्ब दोन अँपिअर पण घेत नव्हता, म्हणजे पंचवीस वॅट धरा. पाव किलो पेढ्याच्या खोक्यावर दोन किलो छापल्यासारखं झालं हे.

बसवायला वीस मिनिटं लागतील असं व्हिडिओत होतं, मला अडीच तास लागले. मागच्या बाजूला पंखा आणि गरमी बाहेर टाकणारा हीट सिंक असल्यामुळं जुनी रबराची टोपी बसेना, मग तिला कात्रीने मोठं भोक पाडलं. तारेची क्लिप नीट बसेना ती पकडीने वाकवली. आबा पडवीतून बघत होते, मधेच म्हणाले, "जुने बल्ब टाकू नको हां." मी म्हटलं, "आबा आता कोण वापरतंय ते." तरी त्यांनी ते कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेच.

रात्री लाइट लावली आणि अख्खी गल्ली पांढरीशुभ्र झाली. चुलत भाऊ म्हणाला, लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटतंय. मी खूष. शेजारच्यांच्या नारळाचे नारळ मोजता येत होते, आणि खरं तर तिथंच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, की डिप्परवर असताना नारळ दिसताच कसे.

शनिवारी निघालो. ओतूर सोडल्यापासून समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला अप्पर-डिप्पर मारायला लागली. मी म्हणतोय आबा डिप्परवरच आहे, आबा म्हणतायत मला पण दिसतंय डिप्परवर आहे. मुरबाडच्या अलीकडं एका गाडीच्या ड्रायव्हरने तर शेजारी येऊन काच खाली करून जे काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि घाटात धुकं लागल्यावर खरी गंमत झाली, पुढं रस्ता नाहीच, नुसती पांढरी चादर बांधल्यासारखं. आधी कमी दिसत होतं, आता काहीच दिसेना. आबांनी शेवटी पार्किंग लाइटवर आणि रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर गाडी काढली. खाली टपरीवर चहा पिताना एवढंच म्हणाले, "समोरचा आंधळा झाला तर येऊन आपल्यावरच आदळणार ना रं."

मग रविवारी झोप झाल्यावर गाडी शाळेच्या भिंतीसमोर दहा मीटरवर उभी केली आणि एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला आबांनी ठेवलेला जुना हॅलोजन, म्हणजे तारेचा बल्ब, लावून बघितलं. ज्यांना एलईडी टाकायचेत त्यांनी बाकी काही नाही केलं तरी हे एकदा करा. हॅलोजनचा डिप्पर पिवळट होता, कमी होता, पण भिंतीवर वरून सरळ कापलेला होता, एका रेषेच्या वर अंधार. एलईडीचा उजेड रेषेच्या वर, खाली, आजूबाजूला, सगळीकडं सांडलेला, आणि मधे रस्त्यावर पाहिजे तिथं उलट फिका ठिपका.

हे असं का होतं ते नंतर डोक्यात बसलं. एच-४ बल्बमध्ये डिप्परची जी फिलामेंट असते ती पाच-साडेपाच मिलिमीटरची बारीक तार, आणि तिच्या खाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. त्या वाटीमुळं उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या, म्हणजे मागच्या आरशाच्या, वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तो तिथून खाली रस्त्यावर येतो. अप्परच्या फिलामेंटला वाटी नाही म्हणून तो सगळीकडं जातो. म्हणजे अख्खा रिफ्लेक्टर आणि पुढची रेघांची काच त्या एवढ्याशा तारेची जागा धरून बनवलेली असते. एलईडी बल्बमध्ये तार नसते, एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात, पट्टीला स्वतःची जाडी असते, चिप एक-दोन मिलिमीटर पुढंमागं झाली की संपलं, फोकस गेला. आणि चिप डावी-उजवीकडं तोंड करून पाहिजेत, घड्याळातल्या तीन आणि नऊवर. माझी एका बाजूची तिरकी बसली होती, ती बल्बची कॉलर (बुडाची कडी) फिरवून सरळ केल्यावर थोडा फरक पडला, पण रेष काय आली नाही.

आता खरी गोष्ट नारायणगावच्या बायपासला आमचे लाइटवाले चाचा आहेत त्यांच्याकडं सुरू होते. त्यांना मी सगळं सांगितलं तर त्यांनी एलईडीकडं बघितलं पण नाही. म्हणाले, "बेटा, आधी सांग जुन्या बल्बला करंट किती जात होता?" मी म्हटलं चाचा मोजलाय, होल्डरवर १३.६ व्होल्ट येतंय. "बल्ब काढून मोजला का लावून?" काढून मोजला होता. चाचा हसले. लोड, म्हणजे बल्ब, नसताना सडकी वायर पण पूर्ण व्होल्टेज दाखवते हे मला शिकवायची गरज नव्हती, रोजचं काम आहे माझं, पण घरच्या गाडीवर माणूस असाच वागतो.

जुना हॅलोजन लावला, गाडी चालू, लाइट चालू, आणि होल्डरच्या मागून मीटरच्या पिना घातल्या. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११.२. मधले २.६ व्होल्ट कुठं गेले? चाचांनी एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या (परतीच्या, बॉडीला आवळलेल्या) वायरला लावली, ०.९ दाखवलं, जिथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे. उरलेले १.७ बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढं, त्या अठरा वर्षांच्या बारीक वायरीत आणि स्विचमध्ये.

आणि हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज थोडं पडलं तर उजेड खूप पडतो. हे बल्ब १३.२ व्होल्टवर मोजतात, तिथं डिप्परचे साधारण १,००० आणि अप्परचे १,६५० लुमेन मिळतात. ११.२ म्हणजे पंधरा टक्के कमी, पण उजेड चाळीस टक्क्यांहून जास्त कमी झालेला. त्यात आमचा रिफ्लेक्टर आतून काळवंडलेला. मग समईच दिसणार ना. एलईडीला मात्र त्याचा ड्रायव्हर, म्हणजे छोटं सर्किट, असतो, व्होल्टेज पडलं तरी तो करंट सांभाळून घेतो, म्हणून तो भकाभक पेटला आणि मला वाटलं गाडी सुधारली. ताप आलेल्या पोराला पावडर लावून शाळेत पाठवल्यासारखं.

अर्थचा स्क्रू बघण्यासारखा होता. शोच्या, म्हणजे गाडीच्या तोंडाकडच्या पत्र्याच्या, मागं, बॉडीला एका स्क्रूने आवळलेला, आणि मधे कधीतरी गाडीला कलर मारताना त्याच्यावरूनच कलर मारलेला. चाचांनी तो काढला तर खालचा पत्रा तांबडा, लग (वायरीच्या टोकाची कडी) हिरवा पडलेला, आणि वायर ओढली तशी लगमधून हातात आली, तीन-चार तारांवर टिकून होती. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग दाबला, स्टार वॉशर टाकला, वर ग्रीस. शिवाय तिथून एक जाड वायर सरळ बॅटरीच्या मायनसला नेली. एवढ्यावरच लाइट डोळ्याला कळेल इतकी वाढली, खर्च चाळीस रुपये.

मग दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारे मोठे स्विच, एक अप्परला एक डिप्परला. रिलेवर नंबर असतात ते समजले की काम सोपं आहे. ३० ला बॅटरीतून २० अँपिअरच्या फ्यूजमधून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून बल्बला, आणि ८५-८६ म्हणजे आतली कॉइल, तिच्या एका टोकाला गाडीची जुनी डिप्परची वायर आणि दुसऱ्याला अर्थ. म्हणजे दोन बल्बचे आठ-नऊ अँपिअर जे बिचाऱ्या स्विचमधून जात होते ते आता सरळ बॅटरीकडून येतात, स्विच फक्त कॉइलला चिमटा काढतो. आमचा स्विच हाताला गरम लागायचा तो लागायचा बंद झाला. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, आणि रिलेचं तोंड खाली करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही. चाचांची मजुरी धरून साडेअकराशे झाले. रिफ्लेक्टर आणि काचेची नवीन जोडी वेगळी.

मी विचारलं चाचा आता १००/९० चे बल्ब टाकू का, सगळे टाकतात. म्हणाले टाक की, मग दिवाळीला होल्डर वितळलेला घेऊन ये. साधेच ६०/५५ टाकले.

होल्डरवर आता १३.३. त्या रात्री परत शाळेची भिंत. लाइटचा मध्य जमिनीपासून ९० सेंटीमीटर, दहा मीटरवर रेष दहा सेंटीमीटर खाली म्हणजे ८० वर आणायची. हे रिकाम्या गाडीवर केलं आणि शनिवारी माल भरल्यावर परत दोघा-तिघांनी अप्पर मारला, कारण दोन-अडीच टन मागं पडल्यावर पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात आणि गाडीचं नाक वर होतं. मग दुसऱ्या आठवड्यात भरलेल्या गाडीवरच सेटिंग केलं. रिकामी येताना थोडं जवळ दिसतं, चालतंय.

पिवळी लाइट धुकं फाडते असं रस्त्यावर सगळे सांगतात. धुक्यातले पाण्याचे थेंब एवढे मोठे असतात की त्यांना पिवळा काय आणि पांढरा काय, सगळा उजेड सारखाच उधळतात. फरक पडतो तो उजेड वर सांडतो का खाली राहतो याचा, वर गेलेला सगळा धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यात येतो. हां, निळसर पांढरा डोळ्याला जास्त टोचतो हे खरं, ६,००० केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) तर फारच. परत त्याच घाटात त्याच धुक्यात गेलो तेव्हा पट्टी दिसत होती, कठडा दिसत होता, आणि कुणी अप्पर मारला नाही.

कायद्याचं पण एक आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, तिथं लाइट बघतात. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम आहे, १८२ अ. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट येणाऱ्या नवीन गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथं रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच बनवलेली असते. माझं भांडण एलईडीशी नाहीये, हॅलोजनच्या घरात एलईडीला भाडेकरू ठेवण्याशी आहे. नंबर प्लेटला, केबिनमध्ये, मागं माल उतरवताना लागते तिथं मी एलईडीच लावलेत, मस्त चालतात, बॅटरी पण कमी खातात.

ते साडेचौदाशेचे दोन बल्ब आता आमच्या पॅकिंग शेडमध्ये आहेत. लोड शेडिंगला जुन्या बॅटरीवर लावतो, टोमॅटोची प्रतवारी करायला भरपूर उजेड पडतो. डावीकडच्याचा पंखा मातीने जाम झालाय, तो अर्ध्या तासाने मंद व्हायला लागतो, मग आई त्याला फडक्याने पकडून काढते आणि म्हणते, "तुझा दोनशे वॅट तापला बघ."