गिरण्यांच्या मागचा गाळा: आमची वाटचाल

आमचा गाळा लोअर परळला, ना. म. जोशी मार्गापासून आत. वडील गिरणीत फिटर होते. सत्तरच्या दशकात त्यांनी नोकरी सोडली, एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घेतला आणि गिरण्यांना लागणारे रोलर, बुश, गिअर, शाफ्ट करून द्यायला सुरुवात केली.

गिरणगाव म्हटलं की कामगार, चाळी, भोंगा आठवतो. आमच्यासारखे गाळे कोणाच्या खिजगणतीत नसतात. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली, पुढे भायखळा, लालबाग, परळ गिरण्यांनी भरून गेलं. यंत्रं बहुतेक इंग्लंडमधल्या लँकेशायरची. भाग तुटला की बोटीची वाट बघायची, तोवर साचा, म्हणजे माग, बंद. ही अडचण भागवायला गिरण्यांच्या आसपास ओतकामवाले, ओतकामाचे नमुने (पॅटर्न) करणारे, गिअर कापणारे, प्लेटिंगवाले जमले. वडील सकाळी तुटका गिअर घेऊन निघायचे आणि सगळी कामं पायी उरकून यायचे. आमचा धंदा त्या शेजारावर उभा होता; आमच्या हातात कसब होतं, पण ते एकट्याने पुरलं नसतं.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आमची ऑर्डर पहिल्याच महिन्यात थांबली. एका गिरणीकडे बिल अडकलं, ते कायमचं. तगलो ते भिवंडीमुळे. गिरण्यांतले जुने माग तिकडच्या यंत्रमागवाल्यांनी घेतले होते. मागांनी गाव बदललं, झिजायचे थोडेच थांबणार? वडील पिशवीत नमुने घेऊन एसटीने भिवंडीला जायचे.

मी गाळ्यावर बसायला लागलो तेव्हा प्रश्न जमिनीचा झाला होता. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरं, उरलेला मालकाला. २००१ मध्ये हिशोब फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचा धरायचा असं झालं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. वाटणीला फारसं काही उरलंच नाही. त्या जमिनींवर मॉल आले, टॉवर आले. भाव चढले तसे शेजारी गाळे विकून गेले. ओतकामवाला गेला, मग प्लेटिंगवाला. मी त्यांना नावं ठेवत नाही, मलाही विचारणा झालीच होती. पण आता साधं हार्डनिंग, म्हणजे भाग तापवून कडक करणं, करायचं तर माल टेम्पोने वसईला. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ पासून बंद होता तेव्हा तर डिझेलचा खर्च मजुरीला भिडायचा.

शेवटी आम्हीही जड मशिनं वसईला हलवली. वरच्या मजल्यांवर माणसं राहायला आल्यावर रात्रपाळी चालणार नव्हतीच. सध्या काम मुख्यतः पॅकिंग मशिनांच्या आणि लिफ्टच्या सुट्या भागांचं. मध्ये एका रेस्टॉरंटने भिंतीवर लावायला गिरणीचे जुने गिअर मागितले. माझ्याकडे होते, पण दिले नाहीत. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मशीनला ते अजून लागतात.

परळचा गाळा तातडीच्या कामासाठी ठेवलाय. ड्रॉइंग नसेल तर तुटका भाग आणा, मोजून करून देतो. फक्त संध्याकाळी गाडी घेऊन येऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही.