मावशीची वाकळ

वसतिगृहाच्या वाचनालयातल्या रजिस्टरात माझ्या नावापुढं प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ सात वेळा लिहिलेलं सापडेल, वाळवी लागली नसेल तर. वसतिगृहाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा आधी ते रजिस्टरच आठवलं.

1998 साली मी पाचवीत आलो. दसरा झाला, मुकादमाची ट्रक आली, घेतलेली उचल फेडायला आई-दादा ऊसतोडीला गेले आणि मला पत्र्याच्या पेटीसकट वसतिगृहात सोडलं.

रात्री जेवणं उरकली की वाचनालयाचे सर गोष्ट सांगायचे. पुस्तक इंग्रजी, गोष्ट मराठीत, मधूनमधून सरांच्या पदरचं. पहिली गोष्ट ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’. ल्युसी मॉड मॉन्टगोमेरीची, 1908 सालची. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे मॅथ्यू आणि मरिला हे उतारवयातले बहीणभाऊ शेतीच्या कामाला म्हणून अनाथाश्रमातून मुलगा मागवतात, आणि स्टेशनावर येऊन बसते लाल केसांची, तोंडाचा पट्टा चालू असलेली अकरा वर्षांची मुलगी. कामाला मुलगा मागवला यात आम्हाला कुणाला नवल वाटलं नाही. घरातले हात मोजायचे असतात हे आम्हाला ठाऊक होतं. धाकट्याला सांभाळायला माझी बहीण कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर गेली, म्हणून तर मी शाळेत होतो.

पुढं बायकांशी बोलायला घाबरणारा मॅथ्यू ॲनसाठी फुग्याच्या बाह्यांच्या झग्याचं कापड आणायला दुकानात जातो. काउंटरवर बाई दिसताच त्याची बोबडी वळते, आणि तो दाताळं आणि वीस पौंड साखर घेऊन घरी येतो. “कुठल्या कारखान्याची, सर?” एकानं विचारलं. सर हसता हसता थांबले, कारण बाकी कुणी हसत नव्हतं.

अशा गोष्टी सरांनी खूप सांगितल्या. ‘हायडी’, ताम्हनकरांचा ‘गोट्या’. परक्या घरात पोर येतं आणि हळूहळू त्या घरचं होतं. पण माझी एक तक्रार होती, आजही आहे. या पुस्तकांत आईबाप आधीच मेलेले असतात. जागा रिकामी करून मगच दुसऱ्याला आत घेतात. आमचे जिवंत होते, कुठल्याशा फडात मोळ्या बांधत होते. मग स्वयंपाकाच्या मावशी आवडू लागल्या तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं?

मावशींचं असं झालं, की पहिला महिनाभर मी रोज अंथरूण ओलं करायचो. पोरं उठायच्या आत मावशी वाकळ ओढून न्यायच्या आणि चुलीमागच्या दोरीवर टाकायच्या. कुणी विचारलंच तर, “माझ्याच हातनं कळशी लवंडली.” महिनाभर त्यांची कळशी लवंडत होती. मला त्या एकदाही काही बोलल्या नाहीत.

मोठेपणी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिशेल मॅगोरियनचं ‘गुडनाइट मिस्टर टॉम’ मिळालं, 1981 चं. सप्टेंबर 1939 मध्ये बाँबच्या भीतीनं ब्रिटनच्या शहरांतून पंधराएक लाख माणसं बाहेर हलवली, निम्म्याहून जास्त शाळकरी पोरं. त्यांतला विल्यम लंडनहून एका खेड्यात, स्मशानाशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या टॉमकडे येतो. त्याला पलंगावर झोपायचं माहीत नसतं, तो पलंगाखाली शिरतो. रात्री अंथरूण ओलं करतो, सकाळी टॉम चादरी धुतो. ते पान मी बसस्टॉपवर वाचलं आणि दोन बस सोडल्या. इथं आई जिवंत आहे, फार छळणारी आहे, पण आहे. तरी शेवटी लेखिका तिलाही संपवतेच.

‘वनवास’मध्ये तसं होत नाही. तिथला लंपन आजी-आजोबांकडे राहतो, आईवडील दुसऱ्या गावी. दोन्ही घरं खरी आणि दोन्हीकडची ओढ खरी. प्रकाश नारायण संत स्वतः आजीला दत्तक गेलेले, कागदोपत्री आडनाव दीक्षित झालेलं, आणि सख्खी आई इंदिरा संत. हे मला पुढं कळलं. पण सातवीत पुस्तक वाचतानाच वाटलं होतं, की याला माझी अडचण ठाऊक आहे.

त्याच वर्षी पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, तेव्हा आई थेट वसतिगृहावर आली, हातात गुळाची ढेप, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी अंगणातून ओरडत आत पळालो, “आई, माझी आई आली!” पहिली हाक मावशींना होती. ती तोंडातून गेली आणि मी उंबऱ्यातच थिजलो. मावशी परातीवरून हात न काढता माझ्याकडे बघत राहिल्या.

आईनं ऐकलं होतं. ती आत आली, ढेप फळीवर ठेवली, चुलीजवळ बसली.

“सरका जरा,” ती मावशींना म्हणाली. “मी भाजते, तुम्ही थापा.”