दोन दोर

आज ८ एप्रिल. ऊन आत्तापासूनच असं पेटलंय की दुपारी तापीकाठच्या शेतात पाय ठरत नाही. जेवणं झाली, ओट्यावर खाट टाकून लिहितोय. पुतण्या नुकताच उठून गेला. सैन्यभरतीसाठी तो रोज पहाटे फाट्यापर्यंत पळतो. आज त्याला राणे साहेबांची हकिकत सांगितली. ही तारीख आली की ती माझ्या मनातून हलत नाही.

रामा राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या लष्करी पलटणीत, साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले. अधिकारी झाले ते डिसेंबर १९४७ मध्ये. म्हणजे १९४८ च्या एप्रिलात वय एकोणतीस आणि हुद्दा सेकंड लेफ्टनंट, अधिकाऱ्यांतली अगदी पहिली पायरी.

तेव्हा काश्मीरसाठी पाकिस्तानशी लढाई चालू होती. जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीला जायचा रस्ता शत्रूने सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या चीडाच्या झाडांनी बंद केला होता. तो मोकळा झाल्याशिवाय रणगाडे पुढे सरकणार नव्हते. ८ तारखेला राण्यांची तुकडी कामाला लागणार, तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि काम सुरू केलं. रात्री दहापर्यंत ते थांबले नाहीत, तेही शत्रूच्या डोळ्यांदेखत.

सुरुंग म्हटला की मला आमची विहीर आठवते. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. खडकात पाच सुरुंग भरले होते. काठापासून लांब बसून सगळे आवाज मोजत होते. एक, दोन, तीन, चार... पुढे काहीच नाही. वडिलांनी दिवसभर कोणाला आत उतरू दिलं नाही. संध्याकाळी सुरुंग भरणारा कारागीर उठला. तंबाखूची चंची वडिलांच्या हातात दिली, डोक्याचं फडकं सोडून दगडावर ठेवलं आणि दोराला धरून खाली गेला. तो वर येईपर्यंत काठावर कोणी खोकलंसुद्धा नाही. वडिलांची मूठ त्या चंचीवर अशी आवळलेली होती की ती मला आजही दिसते.

तो एक सुरुंग होता, आणि समोरून कोणी गोळ्या झाडत नव्हतं. राण्यांनी हे काम चार दिवस केलं, ११ तारखेच्या रात्रीपर्यंत. १० तारखेला तर पहाटे पावणेपाचलाच हात घातला. पाच मोठी झाडं आडवी आणि भोवती सुरुंग पेरलेले. साडेसहापर्यंत वाट मोकळी. त्यापुढचा हजारेक यार्डांचा रस्ता मशिनगनच्या माऱ्यात होता, तोही साडेदहापर्यंत साफ केला.

रणगाड्याखाली रांगत सुरुंग काढल्याचं सांगतात, ते मला सगळ्यात जास्त लागतं. वर चालक, खाली पोटावर सरपटणारे राणे, दोघांमध्ये दोन दोर. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. नांगराला बैल जुंपून ज्याने कासरा धरलाय त्याला हे लगेच कळेल. जरा जास्त ओढलं तर बैल बिथरतो, सैल सोडलं तर पाय चिरडायची भीती. इथे तर डोक्यावर टनावारी लोखंड आणि बोटांखाली सुरुंग! अशा वेळी दोर नेमका तेवढाच ओढायचा, हे धैर्य मला धावून जाणाऱ्याच्या धैर्याहून मोठं वाटतं. परमवीरचक्र त्यांना जिवंतपणी मिळालं, याचा मला फार आनंद आहे.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आप्पा, त्याले भेव नही वाटनं व्हई?"

"वाटनं व्हई ना रे," मी म्हटलं.

जाताना त्याने खुंटीवरचा कासरा काढला, दोन्ही हातांत धरला, आधी एक बाजू ओढली, मग दुसरी. तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग कासरा परत टांगून, गजर पावणेपाचचा लावून गेला.